उरलेला वेळ

भावाने नोवोसिबिर्स्कहून आणला तेव्हाच तो कुणाचातरी जुना होता.
झाकणावर गोदामाचा शिक्का, बिजागरीला चिकटपट्टी,
बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली,
आणि एक बटण गायब: रशियन लिपीतला झ.
आमच्या किरगीझमध्ये ‘नाही’ हा शब्द त्याच अक्षराने सुरू होतो.
म्हणून गेली चार वर्षं
मी कुठल्याच गिऱ्हाइकाला लेखी नाही म्हटलेलं नाही.

हे लग्न तसंच अंगावर आलं.
सप्टेंबरात झालं, आता जानेवारी.
नवरी पोटुशी आहे,
तीनशे बारा फोटो अजून कच्चेच.

सॉफ्टवेअर विचारतं, सोळा जीबी आहे का?
चार आहे, बाबा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
एवढंही त्याला कुणी शिकवलेलं नाही.
ते पसरतं,
आणि घड्याळ, माउसचा बाण, माझा जीव
सगळे खाली फरशीवर.

एक पट्टी सरकवते.
सावल्या जरा उजळ कर, इतकंच म्हणणं.
तेवढ्यात बादली घेऊन नळावर जाऊन येते,
उणे चोवीस, कडीला हात चिकटतो,
परत येते तर सावल्या नुकत्या उजळायला लागलेल्या,
डाव्या कोपऱ्यातून, एकेक चौकोन,
जशी कुणी हिशेब करून उजेड वाटतंय.

पंखा एवढा घोंघावतो की शेजारची साइरागुल भिंत ठोकते.
मग त्याला उचलून खिडकीच्या दोन काचांमध्ये ठेवते.
अत-बाशीत हिवाळाभर आम्ही तिथे लोणी ठेवतो.
लोणी आधी बाहेर काढायचं.
वायर फटीतून आत, माउस माझ्या मांडीवर,
आणि काचेपलीकडे, थंडीत,
दोनशे सात नंबरचा फोटो.

नवरीचा बाप, तोलोगोन.
अंगणात, एकाच बल्बखाली, तोंड उघडून हसतोय.
त्याचे दात गावात कुणी पाहिले नव्हते.
अंधार होता, कॅमेऱ्याला मी फार ताणलं,
म्हणून चेहराभर दाणे,
चाळणीतून पीठ उडावं तसे.

दाणे काढ, म्हटलं.
उरलेला वेळ: दोन तास दहा मिनिटं.
चहा केला. प्यायले.
उरलेला वेळ: तीन तास.
या घरात उरलेला वेळ वाढताना मी पहिल्यांदाच पाहत होते.
आई इस्पितळात होती तेव्हा
हेच यंत्र तिच्या उशाशी ठेवायला हवं होतं.

पावणेचारला, एक्क्याण्णव टक्क्यांवर,
वीज गेली.
सगळा गाव हीटर लावतो, मग जाते.
खिडकीत काळी काच,
तिच्यात मी, हातात माउस.

सातला वीज आली, आठला तोलोगोन.
पैसे टोपीत, टोपी हातात.
यंत्र विचारत होतं, पहिल्यापासून सुरू करायचं का?
मी काहीच दाबलं नाही.
आहे तसाच छापला, दाण्यांसकट.

त्याने लांब धरून पाहिला. मग नाकाशी नेला.
“बुरुल, त्या रात्री बर्फ पडत होता?”

आभाळ कोरडं होतं. धूळ उडत होती.
पण नाही म्हणायची सवय मोडलेली.
“पडत होता,” म्हटलं. “थोडा.”

“मग माझ्या डोक्यावर टोपी कशी नाही?”

आणि हसला. तेच दात.
कॅमेरा टेबलावरच होता, हाताच्या अंतरावर.
मी उचलला नाही.
आणखी तीस एमबी कोण ओढणार.